उताऱ्यावर नाव कोणाचे?

(भातकुली येथे कास्तकार स्त्री-पुरुषांपुढे दिलेले भाषण)



आज आपण सरकारकडून मिळणाऱ्या पैशाविषयी बोलू.

केंद्र सरकारने २०१९ साली 'पंतप्रधान किसान सन्मान निधी' ही योजना सुरू केली. आधी ती दोन हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे पाच एकरांच्या कास्तकारांसाठी होती. त्याच वर्षी ती लहानमोठ्या सर्व जमीनधारकांना लागू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी थेट बँकेत येतात. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने 'नमो शेतकरी' योजनेतून आणखी ६,००० रुपये दिले. दोन्ही मिळून १२,००० झाले. महिन्याला हजार रुपये पडले.

कोणी म्हणेल, हजार रुपयांनी काय होते? आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी खारे. सारी भिस्त पावसावर. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, चणा, जे काही येईल ते पावसाच्या भरवशावर. ऐन निंदणाच्या दिवसांत दोन हजार हाती आले, तर तेवढ्यापुरते सावकाराचे दार टळते. म्हणून हा पैसा लहान असला तरी सोडू नका.

हा पैसा सर्वांना मिळत नाही. प्राप्तिकर भरणाऱ्याला मिळत नाही. मी निवृत्त हेडमास्तर. दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याला मिळत नाही. हे रास्तच आहे. पण जो दुसऱ्याचे वावर बटईने किंवा मक्त्याने वाहतो, त्यालाही मिळत नाही. घाम त्याचा, पैसा मालकाला. हे मला रास्त वाटत नाही. पण आज नियम असा आहे. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याचा हप्ता.

आता नीट ऐका. एका गावी एक बाई आहे. नवरा वारला. चार एकर वावर ती एकटी वाहते. हप्ता बंद झाला. तिला वाटले, सरकारने योजनाच बंद केली. सातबारा वाचून पाहिला, तर त्यावर नाव नवऱ्याचेच! दीर म्हणाला, "बाईचं नाव कायले लावता? पोराचं लावा."

बाबांनो, असे करू नका. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर, मेलेल्या माणसाच्या हिश्श्यात त्याची विधवा, आई, मुलगे आणि मुली सर्वांचा हक्क सारखा आहे. त्या बाईने पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, वारसाचा अर्ज दिला. सोबत मृत्यूचा दाखला जोडला. फेरफार झाला आणि तिचे व मुलांचे नाव लागले. मग हप्त्यासाठी तिने आपल्या नावाने नवा अर्ज केला.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हा हप्ता मिळत नाही. वारसाने आलेल्या जमिनीवर मात्र मिळतो. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी, असा कायदा आहे. दुःखात दिवस जातात, हे खरे. पण तेरवी झाली की एका जाणत्याने हे काम हाती घ्यावे.

आणखी तीन कामे करा. आधार बँक खात्याला जोडा. ई-केवायसी करा. शेतकरी ओळख क्रमांक काढा. यांतले एक राहिले तरी हप्ता अडकू शकतो.

आणि एक सावधगिरी बाळगा. "हप्ता अडकला आहे, आलेला ओटीपी सांगा," असा फोन आला तर सांगू नका. मोबाईलवर आलेल्या अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका. तो चोर असतो. हप्ता तर जाईलच, खात्यातले होते तेही जाईल.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. मग पहिले वाचन आपल्या सातबाऱ्याचे करा. नाव पाहा. गट नंबर पाहा. क्षेत्र पाहा. चूक दिसली तर अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. घरच्या बाईलाही तो उतारा वाचू द्या. वावरात तिचे हात आहेत, कागदावर तिचे नावही असू द्या.