लॉनवरची छत्री अळंबी नव्हे

तायांनो, मावश्यांनो, पाऊस लागला की गावाकडच्या अळंबीची आठवण येतेच. पण वाकडच्या सोसायट्यांच्या लॉनवर उगवते ती वेगळी. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल मातीत जातो. लॉनवरची जून झाली की छत्रीखाली हिरवट दिसते. कोवळेपणी मात्र पांढरीच, तिथंच फसगत होते. लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडतं का, ही परीक्षा साफ खोटी! देठाच्या बुडाशी वाटी असलेल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. त्यात उलट्या सहा-आठ तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं, पण आत यकृत बिघडत असतं. सकाळची वाट बघू नका, १०८ लावा. उरलेली भाजी, सालं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.