काउंटर न सोडणारी बाई
(संस्थेच्या तिमाही सभेत केलेले भाषण)



एका नटीवर बोलते म्हटल्यावर आपल्या चिटणीसबाई जरा थबकल्या. पण नाव ऐकून त्याच म्हणाल्या, ‘‘अगं बाई, रजनी!’’ ज्यांचे केस माझ्यासारखे पिकलेत त्यांना एवढं नाव पुरतं. तरुणांसाठी सांगते, तिचं खरं नाव प्रिया तेंडुलकर. नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी.

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘रजनी’ मालिका आली. आमच्या आळीत टीव्ही एकच, त्यामुळे ज्यांचा टीव्ही त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. रजनी साधी गृहिणी. हुद्दा नाही, वशिला नाही. गॅस सिलिंडरवरून अडवणूक झाली की ती नियम विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत काउंटर सोडायची नाही. टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर तर मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी निषेध केला! पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो रजनीमुळे झाला असं मी म्हणणार नाही. ग्राहक पंचायतीची माणसं त्याआधी दहा वर्षं झटत होती.

आता माझी गोष्ट. त्याच वर्षी मी रेशनच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे पाड्यावरची एक बाई होती. दुकानदाराने तिच्या कार्डावर रॉकेल लिहिलं जास्त आणि डब्यात घातलं कमी. मी पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. पण मला माझी साखर हवी होती, आणि दुकानदाराशी वाकडं घेतलं तर पुढच्या महिन्यात काय, हा विचार आला. मी गप्प राहिले. त्या आठवड्यात रजनीला टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

म्हणून मला प्रियाताईंची चित्रपटातली पहिली भूमिका जास्त टोचते. श्याम बेनेगलांचा १९७४ चा ‘अंकुर’. त्यात त्या जमीनदाराच्या मुलाची नवी नवरी आहेत. त्या घरात राबणाऱ्या लक्ष्मीवर अन्याय होतो, आणि ही नवरी घरात आल्यावर लक्ष्मीला तिथून जावं लागतं. त्या घरात हक्काने बोलू शकेल अशी बाई ती एकच, आणि तिलाच लक्ष्मी नकोशी असते. तोच चेहरा अकरा वर्षांनी रजनी झाला. दोन्ही त्यांनी खऱ्या वाटतील अशा केल्या.

प्रत्यक्षात त्यांचं आयुष्य काही आयतं नव्हतं. मोठ्या बापाची लेक, तरी पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, हवाईसुंदरी झाल्या, बातम्याही वाचल्या. रजनीनंतर लोकांना त्यांच्यात रजनीच दिसायची. माणसाला चोवीस तास शूर राहणं जमत नाही हो, पण लोकांना ते कोण सांगणार?

नव्वदच्या दशकात त्या ‘प्रिया तेंडुलकर शो’ घेऊ लागल्या. तिथे समोर बसलेली साधी माणसं बोलायची. आपल्या सभांत माइक हातात आला की सोडवत नाही, तेव्हा दुसऱ्याला बोलू देणं किती अवघड ते तुम्हाला ठाऊकच आहे. (हसू नका, माझंही होतंय.) आणि १९९५ च्या ‘हम पाँच’मध्ये अशोक सराफांच्या भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली बायको, तीही त्याच.

कर्करोगाशी झुंजत असतानाच १९ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचं हृदयविकाराने निधन झालं. वय अवघं ४७.

त्या लिहायच्याही, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांचं ‘पंचतारांकित’ माझ्याकडे आहे. वाचायला नेणाऱ्याने वहीत नाव आणि तारीख लिहून सही करायची. ओळखीची असलात तरी.