मोटेचे कातडे आणि क्रोमियम

श्रोतेहो, कर्जतच्या माळाला बाभूळ नवी नाही आणि तरवडही नवा नाही. या झाडांच्या सालीत कातडे कमावण्याची रीत जुनी. पण त्याला कित्येक आठवडे लागत; आणि मोट सदा पाण्यात, म्हणून ती कुजायचीही लवकर.

विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मोटेसाठी क्रोमियमच्या क्षारात कमावलेले कातडे पुढे आणले. त्यात घडते काय? कातड्याच्या तंतूंवर जागोजाग सेंद्रिय आम्लाचे गट असतात. द्रावणातले क्रोमियमचे आयन शेजारशेजारचे असे गट धरतात आणि तंतूंना गाठ मारतात. घाई केली तर ते वरच अडकतात, आत मुरत नाहीत. म्हणून द्रावण आधी आंबट ठेवायचे, मग सोड्याने आंबटपणा हळूहळू कमी करायचा. तशी गाठ पक्की बसते.

गुरुजी, वर्गात हे दाखवता येईल. दोन्ही प्रकारच्या कातड्याच्या पट्ट्या मोजा आणि दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. सालीत कमावलेली आकसते; क्रोमची बहुधा तशीच राहते.

आता मोट गेली, पण चपला-बूट घरोघर आहेत. मायबहिणींनो, त्यांचे तुकडे चुलीत घालू नका. जळताना त्यातले क्रोमियम दुसरे रूप घेऊ शकते. ते रूप विषारी असून त्याने कर्करोग होतो. त्या राखेने भांडी घासू नका, ती शेतातही टाकू नका. एवढे ध्यानात ठेवा.