रात्र सपाटीला, दिवस घाटाला

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मी शाळेच्या इतिहासावर बोलावे, असे मला सुचवण्यात आले होते. तो विषय माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने मांडणारी ज्येष्ठ मंडळी समोर बसली आहेत. मी आज बोलणार आहे ते शाळेच्या सहलीविषयी, आणि त्यातही आगगाडीच्या सहलीविषयी.

आपल्यापैकी अनेकांना ‘छोटी लाईन’ आठवत असेल. 1900 साली सुरू झालेली रायपूर–धमतरी नॅरोगेज. अभनपूरला तिचा एक फाटा राजिमकडे वळत असे. आपल्या शंकर नगरच्या कडेने तेलीबांध्याकडे जाणारी ती गाडी इतकी सावकाश चाले की खिडकीतल्या माणसाशी रस्त्यावरच्या माणसाला बोलणे पूर्ण करता येई. ‘फाटक बंद होतं, बाई’ हे उशिरा येण्याचे कारण जुन्या शिक्षकांनी किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. आज त्या रुळांच्या जागेवरून एक्स्प्रेस-वे जातो. कारण गेले, उशीर मात्र राहिला आहे, हे आजच्या विद्यार्थ्यांच्या वतीने मी नम्रपणे नमूद करते.

आता मूळ गोष्टीकडे येते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या सहलीसाठी आम्ही आरामबस ठरवली होती. मुक्काम हॉटेलात होता. वर्गणी त्या मानाने भरभक्कम होती. निघण्याच्या दिवशी वर्गातली एक हुशार मुलगी आली नाही. ताप आला आहे, असा निरोप होता. सहल परतल्यावर मी सहज तिच्या घरी गेले. आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिले आणि म्हणाल्या, “बाई, ताप नव्हता हो. पैसे नव्हते. आणि पैसे नाहीत असं चिठ्ठीत लिहायचं तिला नको होतं.”

मी शाळेत येऊन मागील काही वर्षांचे हजेरीपट काढले. सहलीच्या आठवड्यात काही मुलांना दर वर्षी ताप येत होता. त्यांतील काही नावे तर पाचवीपासून तीच होती. इतकी वर्षे मी त्या पटांवर सही करत आले होते.

त्यानंतर ठरवले, की जी सहल वर्गातल्या प्रत्येक मुलाला परवडत नाही, ती सहल काढायची नाही. पैसे कमी करायचे म्हणजे मुलांना राजिमला नेऊन संध्याकाळी परत आणायचे, असा सोपा मार्ग होता. पण आठवीतल्या मुलाला डोंगर, समुद्र, दूरचा प्रवास हवा असतो. तो थोडक्या पैशांत देऊ शकेल असे वाहन आपल्या देशात एकच आहे.

आपल्या रायपूरचे भाग्य असे, की हे गाव दोन लोहमार्गांच्या सांध्यावर आहे. एक पश्चिमेला डोंगरगड, दरेकसा, सालेकसाच्या जंगलातून गोंदिया-नागपूरला, म्हणजे आपल्या मराठी मुलखात जातो. दुसरा महासमुंद, टिटलागड, रायगडा, विजयनगरम या वाटेने विशाखापट्टणमला जातो. हा दुसरा मार्ग 1931 साली पूर्ण झाला आणि 1933 साली विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले. छत्तीसगडला समुद्र मिळाला तो या रुळांनी. पुढे विशाखापट्टणमजवळच्या कोत्तवलसाहून पूर्व घाट चढून अराकू, कोरापूट, जगदलपूरमार्गे किरंदुलला जाणारा मार्ग 1960 च्या दशकात झाला. बैलाडिलाचे लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी तो बांधला. खनिजासाठी फोडलेल्या त्या घाटातून आज दिवसभराची एक साधी पॅसेंजर गाडीही जाते. आमची सहल ठरली ती हीच: रायपूर, विशाखापट्टणम, अराकू, जगदलपूर, आणि तेथून बसने केशकालचा घाट उतरून घरी.

पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. लॉजचे पैसे वाचावेत म्हणून मी विशाखापट्टणम ते जगदलपूर रात्रीची गाडी निवडली. हिशेब उत्तम जमला. मुले सगळे बोगदे, सगळ्या दऱ्या झोपेत ओलांडून सकाळी जगदलपूरला उतरली. एकाने मला विचारले, “बाई, डोंगर कधी येणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आमच्या कार्यालयात एक वाक्य ठरून गेले आहे: रात्र सपाटीला, दिवस घाटाला. वेळापत्रक वाचताना गाडी केव्हा पोहोचते हे सगळेच पाहतात. घाट किती वाजता येतो, ते आधी पाहावे. रायपूर ते विशाखापट्टणम आम्ही रात्री जातो. रायगड्याकडचे सुंदर डोंगर त्यामुळे अंधारात जातात, हे मला कळते. पण एका रात्रीचे निवासाचे पैसे वाचतात आणि सकाळी डोळे उघडतात ते समुद्राच्या गावात.

तयारीचे दोन शब्द सांगते, कारण पालक मला तेच विचारतात. शैक्षणिक सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना स्लीपर व द्वितीय वर्गात भाड्याची पन्नास टक्के सवलत आहे; अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ती पंचाहत्तर टक्के आहे. त्यासाठी मुख्याध्यापकाचे विहित नमुन्यातील पत्र आणि मुलांची वयासह यादी लागते. ही सवलत अनेक शाळा मागतच नाहीत. आम्हीही कित्येक वर्षे मागितली नव्हती. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशे वीस होते. म्हणून डिसेंबरच्या सहलीचे कागद आता दिवाळीच्या सुट्टीआधी पूर्ण करावे लागतात. मुक्काम आम्ही हॉटेलात करत नाही. शाळांना डिसेंबरमध्ये सुट्टी असते, त्यांचे सभागृह रिकामे असते, आणि एका मुख्याध्यापिकेचे पत्र दुसरी मुख्याध्यापिका सहसा नाकारत नाही. सतरंजी, चादर, ताट-वाटी प्रत्येकाची स्वतःची. पहिल्या दिवसाचे जेवण घरचे: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. वर्गणी आरामबसच्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली आली.

स्वस्त प्रवासाचे गोडवे गाताना त्याच्या अडचणी झाकायच्या, हे मला पटत नाही. स्लीपरच्या डब्यात धूळ येते. स्वच्छतागृहाची अवस्था संध्याकाळपर्यंत काय होते, हे आपण जाणताच. मुलींच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी अडचण आहे. आम्ही बादली, साबण आणि फिनेल बरोबर घेऊन जातो, आणि ते काम शिक्षकही करतात. प्रत्येक मोठ्या स्थानकावर डोकी मोजतो. रात्री दाराजवळच्या बर्थवर शिक्षक झोपतात. खरे म्हणजे झोपत नाहीत.

आणि मग तो दिवस येतो. विशाखापट्टणमहून सकाळी लवकर पॅसेंजर सुटते. शृंगवरपुकोटा मागे पडले की गाडी चढणीला लागते. एकामागून एक बोगदे येतात, मधल्या फटीत एकदम खोल हिरवी दरी दिसते आणि पुन्हा अंधार होतो. या मार्गावर अठ्ठावन्न बोगदे आहेत, असे सांगतात. खिडकी कोणाची, हा प्रश्न आम्ही बोगद्यांवरच सोडवला आहे: दर पाच बोगद्यांनी जागा बदलायची. शिमिलीगुडा हे सुमारे 996 मीटर उंचीवरचे स्थानक येईपर्यंत स्वेटर निघालेले असतात. अराकूला बरेच पर्यटक उतरून जातात आणि गाडी आमचीच झाल्यासारखी वाटते. पण माझ्या मते खरा प्रवास अराकूच्या पुढचा आहे. कोरापूटचे पठार, लाल माती, पिकून पिवळी पडलेली उतारावरची शेते, डोक्यावर टोपल्या घेऊन दोन स्थानकांपुरत्या चढणाऱ्या बायका. काचबंद डब्यातून हे दिसते. आमच्या डब्यात ते शेजारी येऊन बसते.

त्या वर्षी कोरापूटच्या अलीकडे एका लहानशा स्थानकावर गाडी थांबली ती हलेचना. समोरून लोहखनिजाने भरलेल्या मालगाड्या उतरत होत्या. त्या मार्गावर त्यांचा मान मोठा आहे. शिदोरी संपली होती. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण जगदलपूरला अंधार पडण्याआधी पोहोचायचे होते. मुले मात्र फलाटावर उतरून मालगाडीचे डबे मोजू लागली. पेरू विकणारी एक बाई आली. तिची ओडिया आमच्या मुलांना समजेना, मुलांची हिंदी तिला. बोटांवर भाव ठरला. ज्या मुलीला गेल्या सहलीत ‘ताप’ आला होता, ती या वेळी आली होती. तिने बोटांनी घासाघीस करून सगळी टोपली घेतली, आणि वर्गणीच्या उरलेल्या पैशांचा हिशेब मला चोख दिला. आजींच्या हाताखाली बाजार केलेली मुलगी ती.

जगदलपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडले, त्यासाठीच खरे तर मी आज बोलायला उभी आहे. रस्त्याच्या कडेला एका भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले होते: ‘आमचो बस्तर’. आमचा एक विद्यार्थी धावत आला. “बाई, इथे मराठी लिहिलंय, पण चुकीचं लिहिलंय. ‘आमचं’ पाहिजे.” चहाच्या टपरीवरचा माणूस हसला आणि म्हणाला, की बरोबर लिहिले आहे, ही आमची हलबी आहे.

ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हलबीची नोंद केली ती सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात. मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी यांच्या मधल्या वाटेवर वाढलेली ही भाषा बस्तरमध्ये शतकानुशतके वेगवेगळ्या समाजांना जोडणारी बोली राहिली आहे. हे मी एम.ए.ला वाचले होते. वर्गात सांगितलेही असेल. कोणाच्या लक्षात राहिले नसेल. त्या सकाळी मुले टपरीवाल्याला घेरून बसली. तो ‘आमी’ म्हणाला, ‘तुमी’ म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाला मुले “आमच्याकडेपण!” म्हणून ओरडत होती. मी त्यांना सांगितले, की हाच ‘आमचो’ सिंधुदुर्गात मालवणी बोलणाऱ्यांच्या तोंडीही अगदी शुद्ध आहे. तेव्हा लाल पेन जपून वापरावे. हा सल्ला मी मलाही दिला.

आपल्या मुलांना शेजारीपाजारी विचारतात, छत्तीसगडमध्ये राहून मराठी माध्यम कशाला? मोठी माणसे काहीतरी उत्तर देतात. मुले खाली बघतात. मराठी म्हणजे आपल्या आजोबांनी नागपूरहून ट्रंकेत घालून आणलेली वस्तू, असे त्यांना वाटते. त्या भिंतीसमोर ती वस्तू त्यांना रस्त्यावर, परक्या माणसाच्या तोंडी, या मातीत उगवलेली दिसली. सहलीनंतरच्या निबंधांत समुद्रावर चार ओळी होत्या आणि टपरीवर दोन पाने.

आता पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी थोडे. कुटुंबासह मोठा प्रवास करायचा असेल तर चक्राकार प्रवासाच्या तिकिटाची चौकशी जरूर करा. निघालो तेथेच परत यायचे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे. रेल्वेत अंतर वाढत जाते तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडते. मार्ग लिहून अर्ज द्यावा लागतो, आरक्षण प्रत्येक टप्प्याचे वेगळे करावे लागते. खटपट आहे, पण हातात वर्तुळ येते. माझे स्वप्नातले वर्तुळ सांगते: रायपूरहून नागपूर, कल्याण, पनवेल, तेथून दिवसाच्या गाडीने कोकण रेल्वे, रत्नागिरी, मडगाव, मग दूधसागरचा घाट चढून लोंढा, हुबळी, गुंटकल, विजयवाडा, आणि विशाखापट्टणमवरून घरी. पश्चिमेच्या समुद्राकडे निघायचे आणि पूर्वेच्या समुद्रावरून शंकर नगरला परतायचे. निवृत्तीनंतरचा पहिला महिना मी त्यासाठी राखून ठेवला आहे. पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचे त्या महिन्यांचे संथ वेळापत्रक वेगळे असते, ते पाहून पुढच्या गाड्यांना भरपूर अंतर ठेवा. अराकूकडे मात्र भर पावसात न गेलेले बरे. घाटात दरडी कोसळतात.

यंदाच्या आठवीची सहल डिसेंबरात त्याच मार्गाने जाणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी रेल्वेत असलेल्यांनी अर्जाच्या कामी मदत केली तर आनंद होईल. देणगीपेक्षा ती आम्हाला अधिक उपयोगी आहे. संमतिपत्रात ‘आजारपण’ या शब्दासाठी यंदा रकाना ठेवलेला नाही.

एक गोष्ट राहिली. अठ्ठावन्न बोगद्यांचा हिशेब आमच्याकडून अद्याप जुळलेला नाही. एका गटाचे चोपन्न भरले, दुसऱ्याचे एकसष्ट. जे मध्ये झोपले आणि ज्यांनी पूल धरले, त्यांची नावे मी सांगणार नाही. त्यांतले एक आमच्या शिक्षकवर्गातले आहेत. यंदा डब्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोजणारे बसवणार आहोत.