उंबरठ्याशी थांबलेली श्रद्धा

धर्मश्रद्धेविषयी बोलताना आपण बहुधा देवळाविषयी, चर्चविषयी, प्रार्थनेविषयी बोलतो. आज मी तिच्याविषयी घराच्या उंबरठ्यावरून बोलणार आहे. माणूस देवापुढे गुडघे टेकतो तेव्हा त्याची श्रद्धा दिसते, हे खरे. परंतु दारावर थाप पडते तेव्हा तिची परीक्षा होते. अशी एक परीक्षा आपल्या या बडोदे शहरात १९१७ साली झाली. तीत जे नापास झाले त्यांत माझ्या धर्माचा एक माणूसही होता, म्हणून हा विषय मी निवडला आहे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात भीमराव आंबेडकर नावाचे सव्वीस वर्षांचे एक गृहस्थ बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेस गेले होते, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. राजा उदार होता. १९०६ साली त्याने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. परंतु राजाच्या हुकमाने शाळा उघडते, घर उघडत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला राहावयास जागा मिळेना. अखेर नाव बदलून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला.

त्यानंतरचा प्रसंग आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवला आहे. शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू स्नेह्याने अडचण सांगितली की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याने सांगितले की, पत्नी उद्या येत आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले होते, पत्नीचे मात्र जुन्या वळणाचेच राहिले होते, असे आंबेडकरांना मागाहून कळले. त्यांनी उद्याची वाट पाहिली नाही. मुंबईची गाडी रात्री होती. मधले सुमारे पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

श्रोतेहो, या हकिकतीत एक बारीक गोष्ट आहे. ज्या बाईंच्या नावावर तो नकार दिला गेला, त्या बाई त्या दिवशी गावातच नव्हत्या. त्यांना कोणी विचारलेच नाही. कदाचित त्या नाही म्हणाल्या असत्या; परंतु नाही म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. पतीचे मत उदार होते, वाणीही सौम्य होती. फक्त त्या उदारपणाने घराची कडी काढली नाही. बाप्तिस्म्याचे पाणी त्याच्या मस्तकावर पडले होते, पण ते उंबरठ्यापर्यंत वाहत आले नव्हते. आणि ज्या प्रभूच्या जन्माची गोष्ट आम्ही दर नाताळात मुलांना सांगतो, त्या गोष्टीचा आरंभच धर्मशाळेत जागा न मिळाल्याने होतो!

हे असेच व्हावयास हवे होते काय? नाही. याच्या उलट उदाहरण मराठी वाचकाच्या घरातलेच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षांनी त्या पतीकडे राहावयास आल्या तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. मग मनाशी झगडत, स्वतःच्या विचाराने त्यांनी शिवाशिवीचा त्याग केला आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा क्रम आठवेल: आधी भेद गळाला, मग धर्म बदलला. बडोद्याच्या त्या घरात क्रम उलटा झाला होता. धर्म बदलला होता, भेद मात्र तसाच होता.

साठेक वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतील ख्रिस्तसभेत जो विचार पुढे आला, त्याचे मर्म मला या दोन घरांमधील अंतरात दिसते. त्या विचाराला मुक्तिदायी ईश्वरविद्या असे म्हणतात. १९६८ साली कोलंबियातील मेडेलिन या शहरात तेथील धर्माध्यक्षांची परिषद भरली, आणि १९७१ साली पेरू देशातील गुस्तावो गुतिएरेस या धर्मगुरूने याच नावाचा ग्रंथ लिहिला. लिमा शहरातील गरिबांच्या वस्तीत ते काम करीत. त्यांचा प्रश्न साधा होता. ज्यांना माणूस म्हणून मोजलेच जात नाही, त्यांना देव तुमच्यावर प्रेम करतो हे कोणत्या तोंडाने सांगावे? दारिद्र्य हे दैव नव्हे, ते माणसांनी घडविलेले आहे. म्हणून ते मोडणे हेही श्रद्धेचेच काम होय, असे त्यांचे उत्तर होते.

या विचारावर टीका झाली. त्यात मार्क्सवादी विश्लेषण डोळे मिटून स्वीकारले जात आहे, असा इशारा व्हॅटिकनने १९८४ साली दिला. पण १९८६ साली तेथूनच आलेल्या दुसऱ्या पत्रकाने मुक्तीची आकांक्षा ख्रिस्ती श्रद्धेला परकी नाही, हे मान्य केले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांच्या बाजूने बोलत राहिले, म्हणून १९८० साली मिस्सा अर्पण करीत असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. ज्या धर्मात संतपद इतक्या सावकाशीने दिले जाते, त्या धर्माने ते कोणत्या माणसाला दिले हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या देशात हा विचार आला तेव्हा त्याला जातीला सामोरे जावे लागले. १९८१ साली बंगळुरात अरविंद निर्मल यांनी दलितांच्या अनुभवातून ईश्वरविद्या मांडण्याची हाक दिली. पुण्यातील येशूसंघीय पंडित जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनी येशूच्या पंगतीचा अर्थ दलित ख्रिस्ती बांधवांच्या दृष्टीने उलगडून दाखविला. जकातदार आणि पापी म्हणून हिणवलेली माणसे येशूच्या पंगतीला असत, एवढे आम्ही प्रवचनात ऐकतोच. पण ज्या देशात कोण कोणाच्या पंक्तीला बसतो यावरून माणसाची किंमत ठरली, त्या देशात या गोष्टीचा अर्थ किती जळजळीत होतो!

आणि आम्ही? तामिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील कॅथॉलिक दफनभूमीत दलितांची थडगी इतरांपासून वेगळी ठेवणारी भिंत उभारली गेली. जिवंतपणी नाकारलेला शेजार मरणानंतरही नाकारला! १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. त्याविरुद्ध आम्ही दाद मागतो, आणि ती मागणी न्याय्य आहे. परंतु सरकारपुढे आमच्यातील जातिभेदाची साक्ष काढणाऱ्यांनी तो भेद आपल्या घरातही पाहावयास हवा. २०१६ साली भारतातील कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत जातिभेद आहे हे त्यात उघडपणे मान्य केले. हे सत्य कागदावर आले, हे चांगले झाले. आता ते उंबरठ्यावर यावयास हवे.

कोणी म्हणेल, हे राजकारण झाले. धर्माने दानधर्म करावा, बाकीचे सरकार पाहील. मी शाळेत शिकवितो. दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून झाली की मी मुलांना विचारतो, ‘शेजारी म्हणजे कोण?’ लहान मुले सांगतात, ‘ज्याचे घर आपल्या घराला लागून असते तो.’ मोठी मुले सांगतात, ‘ज्याला आपण मदत करतो तो.’ उत्तरे दोन्ही अपुरी आहेत. त्या जखमी वाटसरूकडे नाणे फेकून शोमरोनी पुढे गेला असता, तर तेही दानच झाले असते. पण त्याने त्याला आपल्या जनावरावर बसविले, धर्मशाळेत नेले आणि रात्रभर त्याच्याजवळ राहिला. दान दाराच्या आतून बाहेर देता येते. सोबतीसाठी मात्र दार उघडावे लागते, आणि मग आत आलेला माणूस आपल्या घरच्या रीतीभातीही बदलतो. म्हणूनच दान सोपे वाटते आणि सोबत अवघड.

आंबेडकरांना त्या संध्याकाळी कोणाची दया नको होती, पैशाचीही मदत नको होती. भाडे देण्यास ते तयार होते, पदवी होती, नोकरी होती. त्यांना हवी होती एक खोली. आजही भाड्याने घर पाहावयास आलेल्या माणसाला आडनाव विचारले जाते आणि मग सौम्य शब्दांत सांगितले जाते, ‘घरच्यांना विचारून कळवतो.’ विचारणारा हिंदू असो, मुसलमान असो, पारशी असो की आमच्यासारखा ख्रिस्ती, हे वाक्य १९१७ सालचेच आहे.

दलितांची मुक्ती इतरांनी भिक्षेसारखी द्यावी असे नाही. ती त्यांनी स्वतः मिळविली आहे, आणि बागेत बसलेल्या त्या तरुणाने पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. प्रश्न त्यांच्या मुक्तीचा जितका आहे तितकाच दाराआड बसलेल्यांच्या मुक्तीचाही आहे. त्या दिवशी बडोद्यात दार बंद ठेवणारा मनुष्यही आपल्या घरात कैदीच होता. लोक काय म्हणतील, नोकर काय करतील, घरचे काय म्हणतील, या भीतीचा कैदी. श्रद्धा जर काही सोडवीत असेल, तर तिने आधी आपल्याला या भीतीतून सोडवावे.