एकतीस पुस्तकं, सात हजार दोनशे चाळीस रुपये: पुस्तकांवरचा खर्च वसूल होतो का?

कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कुणी दिवा बंद करून पडलेले असाल. आणि जे ऐकायच्या ऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा अख्खा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' थोडे गाळलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

आजचा विषय तुमच्यापैकीच एकीच्या व्हॉइस नोटमधून आलाय. ती म्हणते, "पुस्तक घ्यावंसं वाटतं, पण साडेतीनशे-चारशे किंमत बघितली की हात मागे येतो. एवढे पैसे पुस्तकावर घालावेत का?" खरं सांगू, तिला मी लगेच 'हो, घाल की' असं उत्तर लिहायला घेतलं होतं. मग थांबलो. कारण या प्रश्नावर माझी एकदा चांगलीच जिरलेली आहे. तीच गोष्ट आज सांगतो.

पुण्यात माझी पहिली नोकरी. हातात यायचे बावीस हजार. पाच हजार घरी बार्शीला पाठवायचे, भाडं, मेस, पेट्रोल, आणि उरलेल्यात महिना ढकलायचा. तेव्हा एका मैदानावर पुस्तक प्रदर्शन लागलं होतं. तुम्ही बघितलीच असतील, मोठा मंडप, बाहेर बोर्ड, कुठे पन्नास टक्के सूट, कुठे 'कोणतंही पुस्तक शंभर रुपये'. मी आत गेलो तो एक पुस्तक घ्यायला, आणि बाहेर आलो बारा घेऊन. बिल झालं २,६५० रुपये. पण छापील किंमत धरली तर पाच हजारांच्या वर होती, त्यामुळे मी काय खूश! रूमवर येऊन सगळी पुस्तकं गादीवर मांडली, फोटो काढला, स्टेटसला टाकला.

चौथ्या दिवशी बहिणीचा फोन. ती तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "दादा, परीक्षेचा फॉर्म भरायचाय, अठराशे रुपये. परवा लास्ट डेट आहे. पप्पांना सांगू नको म्हणली आई, त्यांच्याकडं आत्ता नाहीत." मी म्हटलं, "पाठवतो की." फोन ठेवला आणि अकाउंट बघितलं. ७४० रुपये. पगाराला अजून नऊ दिवस.

मग रूममेटकडे हात पसरले. त्याने पंधराशे दिले, काही बोलला पण नाही. फक्त गादीशेजारच्या त्या ढिगाकडे एकदा बघितलं. तेवढं पुरे होतं मला.

फॉर्म भरला गेला. पण दिवाळीला बहीण दोन दिवस पुण्यात आली तेव्हा खरी गंमत झाली. तिने सगळी पुस्तकं चाळली आणि विचारलं, "दादा, यातलं मी कुठलं वाचू? तुला कुठलं आवडलं?" आणि मला सांगताच येईना हो! त्या बारातली बहुतेक मी उघडलीच नव्हती. कव्हरच्या मागचा मजकूर वाचून काहीतरी सांगत होतो. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तू पण स्टेटसपुरतीच घेतलीस."

ती गेल्यावर मी एक वही घेतली आणि हिशोब मांडला. वर्षभरात घेतलेली सगळी पुस्तकं. किंमत किती, कुठून घेतलं, वाचलं का. हे आकडे नीट ऐका, कारण मला त्यातून जे कळलं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एकूण पुस्तकं ३१, एकूण खर्च ७,२४० रुपये. पूर्ण वाचलेली ११. अर्धवट सोडलेली ६. न उघडलेली १४.

आता ही फोड बघा. प्रदर्शनातून घेतली होती १२, त्यातलं पूर्ण वाचलेलं फक्त एक. फुटपाथवरून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून घेतली होती ११, साधारण दीड हजारात, त्यातली वाचली तीन. आणि अप्पा बळवंत चौकातून एकेक करून, जवळपास पूर्ण किमतीला घेतली होती आठ, ३,०५० रुपयांची. त्या आठातली सात वाचली होती!

म्हणजे स्वस्तात घेतलेलं पडून राहिलं आणि महाग घेतलेलं वाचलं गेलं. सरळ गणित करा. प्रदर्शनातलं ते एक वाचलेलं पुस्तक मला २,६५० रुपयांना पडलं. दुकानातली सात पडली प्रत्येकी साधारण ४३५ ला. मग स्वस्त कुठलं?

असं का झालं असेल? माझ्यापुरतं सांगतो. साडेतीनशे रुपये द्यायचे म्हटल्यावर मी दुकानात उभा राहून वीस पानं वाचायचो. दोनदा परत जायचो. मित्राला विचारायचो. तोपर्यंत ते पुस्तक डोक्यात सुरू झालेलं असायचं. प्रदर्शनात मात्र मी पुस्तक बघतच नव्हतो, सूट बघत होतो.

आता एक नेहमीचा डायलॉग येतो. "अरे, एका पिझ्झाच्या पैशात पुस्तक येतं!" मीही हे कितीदा म्हटलंय. पण पिझ्झा निदान खाल्ला तरी जातो. न उघडलेलं पुस्तक कशात धरायचं? पुस्तकाला दोन खर्च असतात. एक तीनशे रुपयांचा, तो काउंटरवर होतो. दुसरा आठ-दहा तासांचा, तो नंतर करावा लागतो. दुसरा केला नाही तर पहिला गेला. आणि खरं सांगायचं तर मोबाईल हातात असताना दुसरा खर्च जास्त जड जातो.

दुसरा एक प्रकार म्हणजे रील. "बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेतली, आणि तुम्ही?" गोष्ट खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकताना त्यांनी पै पै वाचवून पुस्तकं जमवली. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचं पुस्तकांचं सामान वेगळ्या जहाजाने पाठवलं होतं, आणि महायुद्धात ते जहाज बुडवलं गेलं. तरी माणूस थांबला नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतलं 'राजगृह' बांधताना ग्रंथालय डोळ्यासमोर ठेवून बांधलं. पण रीलमध्ये अर्धीच गोष्ट येते. हेच बाबासाहेब लंडनला शिकताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून बंद होईपर्यंत बसायचे. ते विकतही घेत आणि ग्रंथालयही वापरत. आणि मुख्य म्हणजे वाचत! त्यांचं नाव सांगून कुणाला न वाचायच्या पुस्तकांवर पगार उडवायला लावू नये.

मग पैसे घालायचेच नाहीत का? थांबा, आता दुसरी बाजू.

बहीण जाताना एक पुस्तक घेऊन गेली होती. दया पवारांचं 'बलुतं', जुनी प्रत, मी १२० रुपयांना घेतलेली. अकरापैकी जी तीन वाचली त्यातलं हे एक, म्हणून त्याबद्दल मला मनापासून बोलता आलं होतं. ते पुस्तक चार महिन्यांनी परत आलं. तोवर बहिणीने वाचलं होतं, तिच्या वर्गातल्या तिघींनी वाचलं होतं, आणि आमच्या आईनेही थोडं थोडं वाचलं होतं. कव्हरला चिकटपट्टी, एका पानावर चहाचा डाग. मी धरून सहा जण. १२० भागिले सहा, वीस रुपये. माझ्या आख्ख्या वहीत एवढा वसूल झालेला दुसरा खर्च नाही.

आणि या पुस्तकामागे पण पैशाची एक गोष्ट आहे. 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'कडून आलं. ग्रंथाली म्हणजे सत्तरच्या दशकात मुंबईत सुरू झालेली वाचक चळवळ. वाचकांना सभासद करून घ्यायचं, ग्रंथयात्रा काढून पुस्तकं गावोगावी न्यायची, अशी पद्धत. लक्ष्मण माने यांचं 'उपरा'ही तिथूनच आलं, १९८० मध्ये. आज या पुस्तकांची नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण तेव्हा ते लेखक नवे होते आणि असं लिखाणही नवं होतं. कुणीतरी खिशातून पैसे काढून ती पहिली आवृत्ती घेतली, म्हणून पुढच्या आवृत्त्या निघाल्या, आणि म्हणून चाळीस-बेचाळीस वर्षांनी माझ्या हातात एक जुनी प्रत आली. मी दिलेल्या १२० रुपयांतला एकही रुपया लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे गेला नाही, तो जुन्या पुस्तकवाल्याकडे गेला. त्यात चूक काही नाही. पण आधी कुणीतरी कोरी प्रत घेतली होती, त्याच्यावर माझं भागलं.

आता आजच्या तीनशे रुपयांच्या मराठी पुस्तकाचं बघू. साधारण तीस-चाळीस टक्के विक्रेता आणि वितरकाकडे जातात, म्हणजे नव्वद ते एकशेवीस. लेखकाला बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीस रुपये. उरलेल्यात कागद, छपाई, बांधणी, संपादन, मुखपृष्ठ, गोडाऊन आणि प्रकाशकाचा नफा, झालाच तर. पूर्वी मराठीत पहिली आवृत्ती हजार प्रतींची असायची, हल्ली पाचशेचीही निघते. हजार प्रती सगळ्या खपल्या तरी लेखकाला मिळणार तीस हजार. तेही एकदम नाही, खपतील तसे. दोन-तीन वर्षं घालून लिहिलेलं असतं ते!

म्हणून ग्रुपवर नव्या पुस्तकाची पीडीएफ येते ना, तेव्हा मला आता ते तीस रुपये आठवतात. मी साधू नाही, मीही अशा पीडीएफ वाचल्यात. पण हजार लोकांच्या भाषेत आणि लाखो लोकांच्या भाषेत फरक असतो. जिथे आवृत्तीच पाचशेची, तिथे शंभर जणांनी फुकट वाचलं तर पुढचं पुस्तक अडतं.

आणि फुकटच वाचायचं असेल तर कायदेशीर फुकट भरपूर आहे, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे 'श्यामची आई' आता सगळ्यांची आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी, महात्मा फुले, सगळे मोकळे. मराठी विकिस्रोतावर बघा. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं मोफत देतं. शिवाय ग्रंथालयं! महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तुमच्या तालुक्याला एखादं नक्की असेल, कदाचित एसटी स्टँडच्या मागेच. माझ्या वाचनालयाची अनामत पाचशे, महिन्याला शंभर. महिन्याला तीन पुस्तकं आणली तरी एक तेहेतीस रुपयांना पडतं.

मग मी आता काय करतो? तीन-चार साध्या गोष्टी.

एक, पगार झाला की आधी घरचे पैसे. मग तीनशे रुपये पुस्तकांचे, वेगळे. संपले की संपले.

दोन, आधी वाचनालयात शोधायचं. मिळालं तर तिथूनच. विकत घेतो ते असं, की जे तिथे नाही, किंवा वाचून झाल्यावरही घरात असावंसं वाटतं, किंवा ज्याचा लेखक आज लिहितोय आणि त्याने पुढचं लिहावं असं मला वाटतं.

तीन, हातातलं संपल्याशिवाय नवीन नाही. सूट असली तरी नाही! हा नियम मी दोनदा मोडलाय, कबूल करतो.

चार, आम्ही चौघांनी पुस्तकांची भिशी लावलीय. महिन्याला प्रत्येकी दीडशे, जमले सहाशे. ज्याची पाळी त्याने आवडीचं कोरं पुस्तक घ्यायचं, मग ते चौघांत फिरतं. शेवटी ज्याने निवडलं त्याच्याकडे राहतं. ज्या रूममेटने पंधराशे दिले होते, तो पण आहे यात. वाचलं नाही तर तो सगळ्यांसमोर विचारतो, त्यामुळे वाचावंच लागतं.

तर व्हॉइस नोटवाल्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. तुझा हात मागे येतो ना, येऊ दे. त्यात लाज काही नाही. तेवढ्यात वीस पानं उभ्याने वाच. एकविसावं पान वाचावंसं वाटलं तर साडेतीनशे दे आणि मागे वळून बघू नकोस. नाही वाटलं तर वाचनालय आहेच. आणि घरी कुणाची फी भरायची असेल तर आधी ती भर. पुस्तक दुकानात थांबतं, फॉर्मची तारीख थांबत नाही.

ती न उघडलेली चौदा पुस्तकं कुठे गेली, विचाराल. पाच नंतर वाचली. नऊ बार्शीला नेली आणि तिथल्या वाचनालयाला दिली. बहिणीने त्यातलं एक आणून वाचलं आणि मला मेसेज टाकला, "दादा, भारी आहे हे. तू का नाही वाचलंस?" आता ते मला तिथून आणून वाचायचंय.

तुम्ही शेवटचं पुस्तक कितीला घेतलं आणि ते आज कुठल्या पानावर आहे, एवढंच एका व्हॉइस नोटमध्ये सांगा. खरं सांगा हं! पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच.