खलनायकाच्या पाठीमागे

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

यापुढे तुम्ही दुसऱ्यांच्या आयुष्याबद्दल बोलणार आहात. कुणी बातमीतून, कुणी अहवालातून, कुणी पडद्यावरून. म्हणून आज एका मूकपटाबद्दल सांगतो.

१९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. तेव्हाचा पडदा देवादिकांनी आणि इतिहासातल्या वीरांनी भरलेला असे; तिथे नायक म्हणून उभा राहिला कर्जबाजारी शेतकरी. सावकाराने जमीन गिळल्यावर तो शहरात गिरणीमजूर होतो. ही भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली. ज्याचं नाव एरवी सावकाराच्या वहीतच असायचं, त्याला पडद्याच्या मधोमध आणणं हेच राजकारण होतं.

पण मेलोड्रामाला खलनायक लागतो आणि खलनायकाला चेहरा लागतो. इथे तो सावकाराचा आहे. त्यात खोटं काही नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते उगाच नव्हे. मात्र त्यांना सावकाराच्या दारात लोटलं कुणी? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, तिथला कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि इथल्या कापसाचे भाव पडले. पुढे फेरआकारणीत ब्रिटिश सरकारने शेतसारा वाढवला. सारा रोखीतच भरायचा, आणि कर्ज थकलं की दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हाती. ही सरकारी बाजू पडद्यावर आणणं धोक्याचं होतं. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसला, आणि मद्रासेत त्या चित्रपटावर बंदी आली होती.

‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्यात अमुक नव्हतंच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. उरलेल्या रूपरेषेत तरी दोषाचं बोट सावकाराकडेच आहे. एवढ्यावरून पेंटरांना मोडीत काढणं सोपं, आणि नुसती आरती ओवाळणंही सोपं. चौकटीत जागा कुणाला मिळाली आणि दोष कुणाच्या नावे चढला, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला हवेत. पहिल्याच्या उत्तरात पेंटर आजच्या कित्येकांच्या पुढे आहेत. दुसऱ्याच्या उत्तरात त्यांचा काळ आणि सेन्सॉरचा धाकही मोजावा लागतो.

उद्या तुमच्यापैकी कुणी शेतकऱ्याच्या कर्जावर लिहील, चित्रपट करील, धोरणाचा मसुदा बनवील. वसुलीला आलेल्या माणसाचं वागणं जरूर मांडा. त्याबरोबर त्या हंगामातला मालाचा भाव, बियाण्याचा खर्च आणि पीककर्ज नाकारणारा नियमही मांडा. गुन्हेगार सापडला म्हणून चौकशी थांबवू नका.